ताई चीचा ‘मूळ’ फॉर्म कोणता, आणि शिकायचा कुठला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 52, दोन वर्षं व्हिडिओ बघून 24 हालचालींची ताई ची (संथपणे करायची चिनी युद्धकला) चालू आहे. आता ‘खरा पारंपरिक’ फॉर्म, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, शिकायचाय. चेन हे मूळ घराणं म्हणतात, तर तेच धरावं का? यांग घराण्यात हालचालींचे 85, 103, 108 असे आकडे दिसतात, त्यातला अस्सल कुठला? आणि अगदी शेवटी, जाता जाता टाकलेली एक ओळ: गुडघे अधूनमधून कुरकुरतात.

मी यांग घराण्याचा लांब फॉर्म 22 वर्षं करतोय, मधली 4 वर्षं चेनही केलं. मला विचाराल तर तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती गुडघ्यांचीच. तिच्याकडे येतो, पण बाकीचं सांगितल्याशिवाय ती नीट कळायची नाही.

आधी आकडे उरकून टाकू. 85, 103 आणि 108 म्हणजे एकच फॉर्म, मोजणारे तेवढे वेगळे. यांग चेंगफू (1883–1936) यांनी उत्तरायुष्यात जो क्रम पक्का केला तोच या सगळ्यांत आहे. त्यात ‘ढगांसारखे हात’ फिरवत बाजूला सरकायची हालचाल येते. तिची आवर्तनं कुणी मिळून एक धरतं, कुणी एकेक सुटी मोजतं. चेंगफूंचे शिष्य फू चुंगवेन (1903–1994) यांच्या परंपरेत बेरीज 85 होते, चेंगफूंचे चिरंजीव यांग झेनदुओ (1926–2020) यांच्याकडे 103. आणि 108 दिसलं की आपल्याकडचा माणूस थेट जपमाळेपाशी पोचतो, मग तोच आकडा त्याला जास्त पवित्र वाटायला लागतो. पाय मात्र तिन्हींत तेवढेच दुखतात. पुन्हा पुन्हा येणाऱ्या हालचाली वगळल्या तर चाळीसच्या आसपासच उरतात. चेंगफूंचे एक शिष्य झेंग मानछिंग (1902–1975) यांनी नेमकं हेच केलं: 37 ठेवल्या, बाकीच्या कापल्या. 1960 च्या दशकात ते न्यूयॉर्कला गेले आणि तिथे हा छोटा फॉर्म शिकवला. आज पाश्चात्त्य देशांत अनेक जण ताई ची म्हणून जे करतात ते हेच.

नावाचंही सांगून टाकतो, कारण दर नव्या बॅचला कुणी तरी विचारतंच, ‘कुणाच्या ताईची?’ ताई म्हणजे परम आणि ची म्हणजे टोक, सीमा. प्राणशक्तीला चिनी भाषेत जो शब्द आहे तोही आपल्या कानाला ‘ची’ असाच ऐकू येतो, पण तो शब्द निराळा, अक्षर निराळं. पुढे मुठीसाठीचा शब्द जोडून पूर्ण नाव होतं. ‘प्राणशक्तीचा व्यायाम’ असा अर्थ पत्रकांवर छापलेला असतो तो त्यामुळे चूक आहे. हा मुळात मुष्टियुद्धाचा प्रकार, हे नावातच आहे.

आता ‘मूळ’ म्हणजे काय ते बघू. हेनान प्रांतात, पीत नदीच्या उत्तरेला, वेन परगण्यात चेनजियागोऊ नावाचं खेडं आहे. 17 व्या शतकात, मिंग राजवट कोसळली त्या काळात, चेन कुळाच्या नवव्या पिढीतले चेन वांगतिंग तिथे राहत होते. लढाया पाहिलेला माणूस. गावात बसून त्यांनी हातपायांच्या डावांचे संच बांधले, असं कुळाची परंपरा सांगते. वूदांग डोंगरावरचे चांग सानफेंग नावाचे सिद्धपुरुष, त्यांनी सापाची आणि पक्ष्याची झुंज पाहिली वगैरे कथा गोड आहे, मुलांना जरूर सांगा. पण तिचा या संचांशी संबंध जोडणारा जुना पुरावा नाही.

गंमत वांगतिंगांच्या डावांतच आहे. त्यांच्याआधी छी जिग्वांग (1528–1588) नावाचे मिंग सेनापती होऊन गेले. किनाऱ्यावरच्या समुद्री लुटारूंचा बंदोबस्त केला म्हणून ते चीनमध्ये आजही माहीत आहेत. त्यांच्या सैनिकी ग्रंथात नि:शस्त्र लढतीचं एक प्रकरण आहे आणि त्यात 32 पवित्रे चित्रांसकट दिलेले आहेत. तेही त्यांनी स्वत: शोधलेले नव्हेत, त्या काळच्या वेगवेगळ्या आखाड्यांतून निवडून घेतलेले. 1930 च्या दशकात थांग हाओ नावाचे संशोधक चेनजियागोऊला गेले, गावातल्या जुन्या नोंदी पाहिल्या, आणि त्यांनी दाखवून दिलं की या 32 पैकी 29 पवित्रे चेन कुळाच्या संचांत आहेत. ‘एकेरी चाबूक’, ‘एका पायावरचा सोनेरी कोंबडा’ ही तुम्ही 24 मध्ये करता ती नावं त्या सेनापतीच्या यादीतली आहेत. त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला छी जिग्वांग म्हणतात की मोठ्या लढाईत या कलेचा फारसा उपयोग नाही, पण हातपाय चपळ होतात आणि नवख्याला शस्त्रविद्येत शिरायला दार मिळतं. म्हणजे ‘पूर्वी ही खरी युद्धकला होती, आता नुसता व्यायाम उरलाय’ अशी हळहळ ज्यांना वाटते, त्यांच्या मुळाशी बसलेला सेनापतीच तिला व्यायाम म्हणत होता.

तर मूळ कुठलं धरायचं? वांगतिंगांचं? की सेनापतीचं, की त्याने ज्यांच्याकडून उचललं त्या आखाड्यांचं? वांगतिंगांचे म्हणून जे संच होते, त्यांतून आज ‘जुनी चौकट’ म्हणतात ते दोन संच चेन चांगशिंग (1771–1853) यांनी घडवले असं मानतात, म्हणजे तेही पाच पिढ्यांनंतर.

चांगशिंगांकडे हबेई प्रांतातल्या योंगनियानचे यांग लुचान (1799–1872) शिकले. ते नोकर म्हणून राहिले, रात्री भिंतीच्या फटीतून तालीम बघायचे, एक दिवस पकडले गेले, आणि गुरूने खूश होऊन शिष्य केलं, अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडे पडद्याआडून गाणं चोरणाऱ्या शागिर्दांच्या गोष्टी असतात, त्याच जातीची. मी तिच्यावर फार भार टाकत नाही. पण लुचान पुढे बीजिंगला गेले आणि तिथे मांचू सरदारांना, शाही पहाऱ्याच्या लोकांना शिकवू लागले, हे खरं. आणि त्यांच्या नातवापर्यंत, म्हणजे यांग चेंगफूंपर्यंत येताना फॉर्म पार बदलला.

चेनच्या संचात सुरुवातीलाच एक पवित्रा आहे: उजवा पाय धाडकन जमिनीवर आपटायचा आणि मूठ दुसऱ्या तळव्यात, उखळात मुसळ घातल्यासारखी. यांगमध्ये तो नाहीच. उड्या नाहीत, अचानक फुटणारी ताकद नाही, वेग एकसारखा. चेनमधल्या ‘अंगरख्याची गाठ सैलसर मारणे’ या पवित्र्याच्या जागी यांगमध्ये ‘चिमणीची शेपटी धरणे’ आलं. चिनी उच्चारात ही दोन नावं इतकी जवळची आहेत (लान जा यी, लान च्वे वेई) की ऐकीव नावाचा अपभ्रंश होऊन चिमणी आली असावी, असं बहुतेक जाणकार मानतात. मला हे फार आवडतं. एका चुकीच्या ऐकण्यातून एक चिमणी जन्मली, आणि आता जगभरातले लोक तिची शेपटी पकडतायत.

हे बदल का झाले? नेहमीचं उत्तर म्हणजे लांब झग्यातल्या सरदारांना पाय आपटणं शोभत नव्हतं. मला ते अर्धवट वाटतं. चेंगफूंच्या स्वत:च्या आयुष्यात काय घडलं ते बघा. ते आधी लाथा झपकन मारायचे, हवेत आवाज निघेल अशा. 1928 मध्ये ते दक्षिणेकडे शांघायला गेले, तिथे प्रकृती सुधारण्यासाठी येणारे लोक मोठ्या संख्येने शिकायला येऊ लागले, आणि त्याच लाथा सावकाश, तोलून मारायच्या झाल्या. 1925 च्या पुस्तकातली त्यांची छायाचित्रं आणि 1930 च्या दशकातली छायाचित्रं शेजारी ठेवली तर माणूस तर जाडजूड झालेला दिसतोच, पण पवित्रेही बदललेले दिसतात: हात जास्त गोल, पाया जास्त रुंद. ‘अस्सल यांग’ म्हणून जे आपण जपतो ते एका माणसाचं शेवटचं वळण आहे. तो आणखी 10 वर्षं जगला असता तर आपण काही वेगळंच जपत बसलो असतो.

किराना घराण्याचं गाणं अब्दुल करीम खाँसाहेबांचं ऐका आणि मग भीमसेनजींचं ऐका. एकाच घराण्यात दोघांचं गाणं इतकं वेगळं, तरी यातलं ‘मूळ किराना’ कुठलं असं कुणी जाणता माणूस विचारत नाही. काय पुढे आलं आणि कशातून आलं, ते विचारतो.

सगळ्यात मजेदार प्रकरण मात्र चेन घराण्यातलं आहे, म्हणून ‘चेन म्हणजे मूळ’ म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो. चेन फाके (1887–1957) 1928 मध्ये गाव सोडून बीजिंगला आले. यांगची संथ ताई ची बघायची सवय झालेल्या शहराला त्यांचं पाय आपटणं आणि अंगाला पीळ देऊन ताकद सोडणं बघून धक्काच बसला. ते तिथेच राहिले, तिथेच गेले. इकडे गावात तालीम जवळजवळ थांबली होती. 1958 मध्ये त्यांचे पुतणे चेन जाओपी (1893–1972) गावी परतले आणि त्यांनी पोरांना पुन्हा शिकवायला सुरुवात केली, जुनी चौकट. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांचे हाल झाले, तरी शिकवणं चालू राहिलं. आज जगभर फिरणारे चेन श्याओवांग आणि त्यांच्या पिढीचे इतर गुरू त्या पोरांतले. जाओपी गेल्यावर गावकऱ्यांनी फाकेंच्या मुलाला, चेन जाओख्वेई (1928–1981) यांना बोलावलं. ते आले आणि त्यांनी वडिलांचा फॉर्म करून दाखवला. गावकऱ्यांना तो ओळखूच येईना! मनगटांचे पीळ जास्त, वळणं जास्त. म्हणून गावाने त्याला नाव दिलं ‘नवी चौकट’.

आता बीजिंगच्या शिष्यांना विचारा. ते म्हणतील, नवी कसली, फाके हेच गावातून, आपल्या वडिलांकडून घेऊन आले होते, तुम्हीच विसरलात. गाव म्हणेल, शहरात गेल्यावर भर घातली. दोन्ही बाजूंना मानणारे लोक आजही भांडतात. आपल्याकडच्या भाऊबंदकीला लाजवील असं भांडण आहे. मी दोन्ही चौकटी थोड्या थोड्या केल्या आहेत. एकाच घरात, एकाच गावात, तीन पिढ्यांत फॉर्म इतका हलतो, तेवढं कळलं तरी पुरे. वू यूश्यांग, वू जियानछुआन, सुन लुथांग यांच्या शाखांचीही अशीच कहाणी आहे, तिच्यात आत्ता शिरत नाही. सुन शाखेचा उल्लेख तेवढा पुढे येईल.

मग तुमचा 24? तो 1956 मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा आयोगाने बसवला. त्यात ली तियानजी यांचा हात मोठा होता. आधार यांग चेंगफूंच्याच फॉर्मचा. पुनरावृत्ती काढल्या, सोप्याकडून अवघडाकडे क्रम लावला, आणि चिमणीची शेपटी डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी घातली. जुन्या लांब फॉर्ममध्ये ती एकाच बाजूने येते. पाच-सहा मिनिटांत संपतो. पारंपरिकवाले त्याला नाक मुरडतात, मीही एके काळी मुरडायचो. आपल्याकडे सूर्यनमस्कार आजच्या ठरीव रूपात शाळाशाळांत पोचवण्यात औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींचा केवढा वाटा. त्यांना कुणी नकली म्हणत नाही. 24 मध्ये नकली काही नाही.

उणीव एकच आहे आणि ती मोठी आहे: तो लवकर संपतो. लांब फॉर्म 20–25 मिनिटं चालतो आणि त्यात ‘एकेरी चाबूक’ पुन्हा पुन्हा येतो. पहिल्या वेळी तो सगळ्यांचा देखणा होतो. पाचव्या वेळेपर्यंत मांड्या भरून आलेल्या असतात, खांदे हळूच कानाकडे चढलेले असतात, आणि तुम्ही काय लपवत होतात ते उघडं पडतं. अंग मोकळं सोडण्याला चिनी भाषेत ‘सोंग’ म्हणतात. पहिली तीन-चार वर्षं आपलं सगळ्यांचं मराठीतलं सोंगच चाललेलं असतं, आणि ते पकडायला त्या पुनरावृत्तींइतकं चांगलं साधन नाही. ‘एकच गोष्ट इतक्यांदा का?’ असं म्हणून ज्याने त्या कापल्या, त्याने वेळ वाचवला पण परीक्षा काढून टाकली.

आता गुडघे.

दोन वर्षं व्हिडिओवरून शिकलेल्या माणसाचं बहुधा काय चुकतं ते मी न बघता सांगू शकतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ सगळ्यांचं तेच चुकलेलं असतं. एक, पुढचं पाऊल मागच्या टाचेच्या सरळ रेषेत पडतं, दोरीवर चालल्यासारखं. दोन्ही टाचांमध्ये आडवं, साधारण खांद्याएवढं अंतर हवं. ते नसलं की तोल सांभाळायला गुडघा आत पडतो. दोन, कंबर वळवा म्हटलं की गुडघा वळतो. वळायचंय खुब्यातून, गुडघा कायम चवड्याच्या दिशेनेच राहिला पाहिजे. तीन, खाली बसण्याची हौस. आणि चौथं, वजन असलेला पाय तसाच जमिनीवर रगडून फिरवणं. काही शाखा वजन मागे घेऊन, चवडा मोकळा करून मग वळवतात. काही वजन पुढेच ठेवून वळवतात. दुसरी पद्धत चुकीची नाही, पण ती खुबा मोकळा झालेल्यांसाठी आहे. तुमच्यासाठी सध्या पहिली.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. चेन शिकताना एका शनिवार-रविवारच्या शिबिरात शिकवणारे ‘अजून खाली, अजून खाली’ म्हणत होते आणि मी ऐकत होतो. गुळगुळीत फरशी, जाड रबरी तळाचे बूट, पाय चिकटून बसलेला आणि वरचं शरीर वळलेलं. कट्ट असा आवाजही आला नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना, आणि पुढचे पाच महिने मी मागे वळून, कठडा धरून उतरत होतो. दोष त्यांचा होताच. पण 40 माणसांत माझा गुडघा कुठे जातोय हे त्यांना दिसणं शक्य नव्हतं, आणि मलाही ते दिसत नव्हतं. 

म्हणून घराणं निवडताना वंशावळ हा मुद्दा मी फार खाली ठेवतो. तुमचा गुडघा बघून हाताने तो दोन बोटं बाहेर करणारं माणूस कुणाकडे आहे, ते आधी शोधा. फॉर्मचा क्रम कुठल्याही पुस्तकात मिळतो. गुरूकडून पुढे येतात त्या दुरुस्त्या: कोपर किती खाली, नजर केव्हा, वजन कुठल्या क्षणी सुटतं. लुचानपासून चेंगफूंपर्यंत जे बदललं तेही अशाच कुणाच्या तरी अंगावर केलेल्या दुरुस्त्या होत्या, दरबारातल्या, मग शांघायमधल्या. तुमच्या अंगावर कुणी तसं काम करणार नसेल तर 20 पिढ्यांची वंशावळ भिंतीवर टांगून काय करायचं?

तुमच्या परिस्थितीत माझं मत: यांगचा लांब फॉर्म, 85 किंवा 103, जो जवळ मिळेल तो, उंच पवित्र्यात. चेन व्हिडिओवरून अजिबात सुरू करू नका. त्यातला पीळ चुकला तर भार थेट गुडघ्यावर येतो. समोर बसून दुरुस्त करणारा चांगला चेन शिक्षक भेटला तर माझं हे वाक्य विसरा आणि त्याच्याकडे जा. सुन शाखेचा उभा, उंच पवित्रा आणि मागच्या पायाने लगेच पुढच्याला गाठणं गुडघ्यांना फार सुखाचं असतं, पण आपल्याकडे ते शिकवणारं माणूस मिळणं कठीण.

शिक्षक पारखायची एक साधी युक्ती आहे. पहिल्याच दिवशी ‘एकेरी चाबूक’ धरून उभं राहायला सांगतो का बघा, आणि उभं राहिल्यावर तुमच्याजवळ येतो का. नुसतं पुढे उभा राहून स्वत:चा फॉर्म दाखवत असेल तर तेवढं तुम्हाला पडद्यावर फुकट मिळतंय. दुसरं, दोघांनी हाताला हात लावून करायचा ढकलण्याचा सराव तो घेतो का. फॉर्ममध्ये ‘पंग’ म्हणून जी बाहेर फुगणारी, हवा भरलेल्या चेंडूसारखी ताकद सांगतात, ती आरशासमोर कधीच कळत नाही. समोरच्याने मनगटावर हात ठेवला की दोन मिनिटांत कळते, निदान ती आपल्याकडे नाही हे तरी कळतं.

वेग किती ठेवायचा? आठवड्याला एक नवी हालचाल, फार तर दोन. लांब फॉर्मचे तीन भाग आहेत. पहिला छोटा, दोनेक महिन्यांत येतो आणि माणसाला वाटतं झालंच. दुसऱ्यात लाथा आहेत, तिथे निम्मे लोक गळतात. तिसरा बराचसा पुनरावृत्तींचा, म्हणून सोपा वाटतो आणि म्हणूनच क्रम तिथेच चुकतो. वर्ष-सव्वा वर्ष धरून चाला. पहिला भाग आला की रोज तोच तीनदा करा, दुसऱ्याची घाई नको. व्हिडिओ वापरायचा असेल तर पाठमोरा बघा, समोरून बघितला की डावं-उजवं उलटतं. आणि महिन्यातून एकदा स्वत:चं चित्रण गुडघ्याच्या उंचीवर फोन ठेवून करा. बघवत नाही, पण बघा.

24 सोडू नका. सकाळी अंग सैल करायला तो चांगला आहे. लांब फॉर्म शिकताना दोन्हींत सरमिसळ होईल, मागे सरकताना हात कुठल्या फॉर्मचा ते विसराल. दोनेक महिन्यांत सुटतं. बूट मात्र आजच बदला: पातळ, सपाट, जरासा घसरणारा तळ. मातीचं मैदान मिळालं तर उत्तम, घरात असाल तर योगाची चिकट चटई गुंडाळून ठेवा, तिच्यावर पाय वळत नाही. आणि गुडघा करायला लागल्यावर दुखत असेल तर पवित्रा उंच करा. संपल्यावर, रात्री दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग मला विचारा.